गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं की नाही? (ऑटोमॅटिक, 88,000 किमी)

घोडबंदरकर | 3 जून, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. गाडी 2016 ची डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची ऑटोमॅटिक, रनिंग 88,000. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिल्या पाच प्रतिसादांत ‘ती घेतलीतच कशाला’ सुरू होतं. रोजचा रस्ता घोडबंदर रोड ते अंधेरी. त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

महिनाभर झालं, सकाळी गाडी थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हलका झटका बसतो. दोन-तीन किलोमीटर गेलं की बंद. सर्व्हिस सेंटरला विचारलं, गिअर ऑइल बदलायचं का? तिथला सल्लागार म्हणाला, "सर, सील्ड युनिट आहे, लाइफटाइम ऑइल आहे, हात लावायचा नाही." नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "लाइफटाइम म्हंजे वॉरंटी संपेस्तोवर, साहेब." आणि समोरच्या विंगमधले गृहस्थ सांगतात की त्यांच्या मेव्हण्याने हौसेने ऑइल बदललं आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बसला.

तिघांची तीन मतं, आणि बसला तर खर्च लाखाच्या घरात. कुणी स्वतः केलंय का?


तळ्यात_मळ्यात | 3 जून, रात्री 11:05

चालू गाडीला बोट लावू नये. आमच्या मावसभावाचंही अगदी हेच झालं. जुन्या ऑइलमध्ये जो काही भुसा असतो त्यावरच क्लचच्या प्लेटा पकडत असतात. नवीन ऑइल टाकलं की भुसा धुऊन जातो आणि गाडी जागेवर गुरगुरत बसते. बदलू नका.


सतराचा_पाना | 4 जून, सकाळी 7:20

तळ्यात_मळ्यात, तुमच्या भावाने ऑइल कधी बदललं? गाडी व्यवस्थित असताना, की गिअर घसरायला लागल्यावर कुणीतरी ‘ऑइल बदलून बघू’ म्हणाल्यावर? माझ्या पाहण्यातल्या अशा प्रत्येक गोष्टीत दुसरंच निघालंय. पेशंट आयसीयूत गेल्यावर पथ्य सुरू केलं आणि मग दोष पथ्याला.

घोडबंदरकर, तुमचा झटका फक्त थंडपणी आणि हलका आहे, रेस वाढूनही गाडी पुढे न जाणं असा प्रकार नाही, हे बरं लक्षण. आता जरा सविस्तर लिहितो. (नाशिकला राहतो, पोटापाण्याचा धंदा वेगळा, गाड्या उघडणं हे व्यसन.)

इंजिन ऑइल दरवर्षी बदलतो कारण त्यात जळलेल्या इंधनाची काजळी उतरते. गिअरबॉक्स बंद पेटी आहे, तिथे काही जळत नाही, म्हणून ते ऑइल खूप जास्त टिकतं. एवढ्यापर्यंत सर्व्हिस सेंटरवाल्याचं बरोबर आहे. पण टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या ऑइलला एकाच वेळी चार कामं असतात. दातांना वंगण देणं, व्हॉल्व्ह बॉडीतून दाब पोचवून गिअर बदलणं, क्लच प्लेटांना नेमकी तेवढीच पकड देणं, आणि उष्णता बाहेर नेणं. शिवाय कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद चाकांकडे जाते तीच मुळी ऑइलमधून. ताक घुसळताना रवी फिरते आणि तिच्या ओढीने अख्खं भांडं ताक गरगरतं ना, तसं. गाडी सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभी असते तेव्हा रवी फिरतेय आणि ताक कुठेच जात नाही. ती सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्येच मुरते. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की ऑइलचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा तेलवाल्यांचा जुना ढोबळ हिशेब. मग घोडबंदरचे 88,000 आणि नाशिक-धुळे हायवेचे 88,000 हे एकच आकडे कसे?

बरं, गिअरबॉक्स बनवणारे काय म्हणतात तेही बघा. जर्मनीची झेडएफ कंपनी बीएमडब्ल्यूपासून अनेकांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. गाडीवाले लाइफटाइम म्हणत असतानाच झेडएफ स्वतः 80,000 ते 120,000 किमी किंवा आठ वर्षं, यात ऑइल बदला म्हणून सांगते. पेटी बनवणारा एक सांगतो, गाडी विकणारा दुसरं. मी पेटीवाल्याचं ऐकतो.

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत मेंटेनन्सचा तक्ता असेल. एक नाही, दोन असतात. दुसरा काढून बघा आणि इथे सांगा.


आजोबांची_फियाट | 4 जून, सकाळी 8:55

आमच्या काळी हे प्रश्नच नव्हते. प्रीमियर पद्मिनी, गिअरची दांडी स्टिअरिंगला, आणि मिस्त्री ‘नव्वद नंबर’ भरायचा. गिअरबॉक्सला नव्वद, क्राऊनला (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीला) नव्वद. ट्रकवाले उन्हाळ्यात एकशेचाळीस भरत. नव्वद नंबरचा वास एकदा कपड्याला लागला की तीन धुण्यांत जात नसे, त्यामुळे घरात शिरण्याआधी बाहेरच बनियनवर यावं लागे.

आता नातीच्या गाडीला काय लागतं ते विचारायला गेलो तर दुकानदाराने सात प्रकारचे डबे समोर ठेवले. सतराचा पाना, हे सात डबे कशाला ते एकदा समजावून सांगा.


पॉपकॉर्न_मसाला | 4 जून, सकाळी 9:10

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि जागा धरून बसलोय.


सतराचा_पाना | 4 जून, दुपारी 1:40

काका, वासाचं अगदी खरं. तो गंधकाचा. गिअर ऑइलमध्ये दातांवर प्रचंड दाब येतो म्हणून गंधक-फॉस्फरसची रसायनं घालतात. आणि इथेच मॅन्युअलवाल्यांची गफलत होते. डब्यावर जीएल-4 आणि जीएल-5 असं लिहिलेलं असतं. पाच मोठा म्हणून चांगला, असं समजून लोक पाच नंबर घेतात. जीएल-5 मध्ये ती रसायनं जास्त, तो मुळात क्राऊनसाठी. गिअरबॉक्समध्ये सिंक्रो रिंगा बऱ्याचदा पितळेच्या असतात. एक तर ती रसायनं पितळेला त्रास देऊ शकतात, आणि दुसरं म्हणजे सिंक्रोला गिअरचा वेग जुळवायला थोडं घर्षण लागतं, तेच हा डबा कमी करतो. मग गिअर टाकताना ‘खर्र’. पुस्तिकेत जीएल-4 म्हटलं असेल तर चारच.

पातळपणाचंही तसंच. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना 75 डब्ल्यू 80 किंवा 75 डब्ल्यू 85 लागतं. त्यात मिस्त्रीने जुन्या सवयीने नव्वद नंबर ओतलं की थंडीत सकाळी दुसरा गिअर पडता पडत नाही.

राहिले बाकीचे डबे. साध्या ऑटोमॅटिकला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), लाल आणि पातळ. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, स्वतःचं वेगळं, कारण तिथे पोलादी पट्टा पोलादी पुलीवर निव्वळ घर्षणाने चालतो आणि ऑइलने त्याला घसरू द्यायचं नसतं. त्यात एटीएफ ओतणं म्हणजे पट्ट्याचा खून. टोयोटाच्या हायब्रिडवर ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं असतं, पण आत पट्टा नाहीच, ग्रहमाला गिअर आणि मोटर्स आहेत आणि त्याला एटीएफच लागतं. नावावर जाऊ नये ते यासाठी. डबल क्लचमध्ये परत दोन जाती, कोरडा आणि ओला. ओल्या क्लचच्या प्लेटा ऑइलातच बुडालेल्या, त्यामुळे ते लवकर घाण होतं. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला दर 60,000 किमीला ऑइल आणि फिल्टर बदलायला कंपनीच सांगते. कोरड्याचं गणित त्याहून निराळं.


मृण्मयी_के | 4 जून, दुपारी 3:15

आणि एएमटी? आमच्याकडे छोटी हॅचबॅक आहे, डॅशबोर्डवर ए आणि एम येतं. सर्व्हिसिंगला गेले की कुणी म्हणतं ऑटोमॅटिक आहे, एटीएफ लागेल, कुणी म्हणतं काहीच लागत नाही.


सतराचा_पाना | 4 जून, दुपारी 3:50

मृण्मयीताई, एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि दांडी हलवायला तुमच्या पाया-हाताऐवजी यंत्र बसवलेलं. त्यामुळे पेटीत मॅन्युअलचंच गिअर ऑइल. एटीएफचा संबंध नाही.

मात्र ते यंत्र हायड्रॉलिक असेल तर त्याची स्वतःची छोटी डबी असते, बॉनेटखाली. ती ब्रेक ऑइलच्या डबीसारखी दिसते आणि घात तिथेच होतो. पातळी कमी दिसली म्हणून कुणी उत्साही मुलगा त्यात ब्रेक ऑइल ओततो, ते आतल्या रबरी सीलना चालत नाही, आणि पूर्ण संच बदलायची वेळ येते. त्या डबीला फक्त पुस्तिकेतलंच द्रव. शक्यतो समोर उभ्या राहा.


फणसाचा_गरा | 4 जून, रात्री 9:30

चिपळूणहून लिहितोय. किलोमीटर, वर्षं सगळं ठीक, पण आमच्याकडे तिसरं कारण आहे. पाणी.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमची गाडी सीटपर्यंत बुडाली. विम्याचं काम झालं, इंजिन उघडलं, वायरिंग झालं, सीटा वाळवल्या. गिअरबॉक्सकडे कुणी बघितलंच नाही, कारण ‘ती सील्ड आहे’. सील्ड कसली! वरती श्वास घ्यायला ब्रीदर असतो. गरम पेटी एकदम गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. चार महिन्यांनी पाचवा गिअर गुणगुणायला लागला. ड्रेन नट खोलला तर गिअर ऑइल नव्हे, दुधाचा चहा बाहेर आला. बेअरिंगं गेली होती. दोन लिटर ऑइल ऑगस्टमध्ये बदललं असतं तर वाचलं असतं.

तेव्हापासून आमच्या वाडीत पूर आला की इंजिन, गिअर, क्राऊन, ब्रेक, सगळी ऑइलं बदलायची, गाडी चालत असली तरी. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी आणि 26 जुलै बघितलेल्या मुंबईकरांनी हे लक्षात असू द्या.


घोडबंदरकर | 4 जून, रात्री 11:20

पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनातच होती. आठ वर्षं. लाज वाटली.

पहिला तक्ता: ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, तपासणी नको, देखभाल नको. म्हणजे सल्लागार खोटं बोलत नव्हता. दोन पानं पुढे दुसरा तक्ता, ‘कठीण परिस्थितीत वापर’. त्यात तेच ऑइल दर 100,000 किमीला बदला असं चक्क छापलंय. आणि कठीण परिस्थिती म्हणजे काय? वारंवार थोडं अंतर चालवणं, धुळीचे रस्ते, डोंगराळ रस्ते, आणि 32 अंशांवरच्या तापमानात दाट रहदारीत चालवणं.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही कठीण परिस्थिती कुठे, हा तर आपला पत्ता आहे.


तळ्यात_मळ्यात | 5 जून, सकाळी 8:02

हा हा, वहिनींना दंडवत. पण माझा मुद्दा अजून उभाच आहे. छापलंय ठीक, बदलणारा कोण? मावसभावाचं जिथे बिघडलं तिथेही बोर्डावर ‘तज्ज्ञ’ असंच होतं.


सतराचा_पाना | 5 जून, सकाळी 8:40

यावर मात्र शंभर टक्के सहमत. ऑइल बदलल्याने गिअरबॉक्स मरत नाही, चुकीचं ऑइल आणि चुकीची पातळी यांनी मरतो. हल्लीच्या ऑटोमॅटिकला डिपस्टिकच नसते, त्यामुळे ‘अंदाजाने भरलं’ हा प्रकार सर्रास. कमी भरलं तर पंप हवा ओढतो. जास्त भरलं तर फिरते गिअर ते घुसळून फेस करतात. दोन्हीकडे दाब पडतो आणि क्लच घसरून जळतो. तुमच्या भावाचं यातलंच काहीतरी झालं असेल, किंवा प्लेटा आधीच संपल्या असतील. भुशाचं तुमचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. प्लेटा पूर्ण झिजलेल्या पेटीत मीही ऑइल बदलून चमत्काराची आशा धरणार नाही. पण ती पेटी तशीही चालली होती.


रेडमंडची_राणी | 5 जून, सकाळी 10:15

अमेरिकेतून एक पैसा. इथे झटपट ऑइल बदलणाऱ्या दुकानांत ‘ट्रान्समिशन फ्लश’ गळ्यात मारतात. मशीन जोडायचं, जुनं बाहेर, नवं आत, पंधरा मिनिटं. आमच्या मेकॅनिकने सांगितलं, जास्त चाललेल्या गाडीला मशीन लावू नकोस. नट खोल, निघेल तेवढं काढ, तेवढंच भर, काही दिवस चालव, परत कर. आम्ही ड्राइव्ह-वेवर स्वतःच केलं. जुनं ऑइल पार्ट्सच्या दुकानात फुकट घेतात, ते एक बरं आहे.

अवांतर: 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथल्या एटीएफमध्ये स्पर्म व्हेल माशाचं तेल घालत. पकड नेमकी ठेवायला त्याच्या तोडीचं काही मिळत नव्हतं म्हणे. मग व्हेलच्या शिकारीवर बंदी आली आणि केमिस्ट लोकांना कामाला लागावं लागलं.


आजोबांची_फियाट | 5 जून, सकाळी 10:50

व्हेल हा मासा नव्हे, सस्तन प्राणी. बाकी माहिती उत्तम.


रेडमंडची_राणी | 5 जून, सकाळी 11:00

काका, कान पकडले.


विजेचा_गोळा | 5 जून, सकाळी 11:30

आम्ही विजेच्या गाडीवाले हा धागा वाचून गालात हसतोय. 😀


सतराचा_पाना | 5 जून, सकाळी 11:45

हसा, पण मोटर आणि चाकांच्या मधे तुमच्याकडेही एका गिअरची पेटी असते आणि तिच्यातही ऑइल असतं. पुस्तिकेच्या वेष्टनाची काय परिस्थिती आहे?


विजेचा_गोळा | 5 जून, दुपारी 12:10

...बघून सांगतो.


सतराचा_पाना | 5 जून, दुपारी 2:30

राणींनी सांगितलेली पद्धत घोडबंदरकरांना बरोबर बसते. तिचा हिशेब असा. समजा पेटीत एकूण 7 लिटर आहे. नट खोलला की साडेतीनच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. म्हणजे एका वेळी निम्मं नवं. हजारेक किमी चालवून परत केलंत की पाऊण नवं, तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी टक्के. बहुतेकांना दोनदा पुरतं.

करताना पहिली गोष्ट, आणि ही मॅन्युअलवाल्यांनाही लागू: आधी भरायचा नट खोला, मग काढायचा. उलटं केलंत, सगळं ऑइल थाळीत आलं, आणि मग वरचा नट गंजून बसलाय असं कळलं तर गाडी तिथेच. माझी एकदा अशी पूर्ण रात्र घोडीवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) चढवलेल्या गाडीखाली गेली आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मात्र कधीही शिरायचं नाही.

ड्रेन नटला बऱ्याचदा चुंबक असतो. त्यावर काजळासारखा राखाडी लेप दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज. बोटात चिमटीने धरता येतील असे तुकडे दिसले तर फोटो काढा आणि पुढचा खर्च मनात धरा. वायसर नवा टाका, दहा-वीस रुपयांचा असतो. नट पुस्तिकेत सांगितलेल्या टॉर्कलाच कसा, पाइप लावून जोर काढू नका. पेटी अॅल्युमिनियमची असते, आटे गेले की वायसरचे दहा रुपये चांगलेच महाग पडतात.

काढलेलं ऑइल मोजा. एवढंच नवं भरायचं. मग इंजिन चालू, ब्रेक दाबून पी पासून डी पर्यंत प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबत दोनदा फिरवा. आणि शेवटची पातळी सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या ऑइलच्या तापमानालाच. स्कॅनर लावून तापमान बघायचं, पातळीचा नट उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की बंद. गॅरेजवाला ‘तापमान कशाला’ म्हणाला तर नमस्कार करून गाडी बाहेर काढा.


मृण्मयी_के | 5 जून, दुपारी 4:05

जुनं ऑइल गटारात ओतणाऱ्यांबद्दलही कुणीतरी लिहा. आमच्या गल्लीत नाल्यावर कायम इंद्रधनुष्य असतं.


फणसाचा_गरा | 5 जून, संध्याकाळी 6:20

+1. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात येतं. गॅरेजवाले ते पिंपात साठवून गोळा करणाऱ्याला विकतात, त्यामुळे घरी काढलंत तर कॅनमध्ये भरून तिथेच नेऊन द्या, आनंदाने घेतात. फक्त दरवाजाच्या बिजागरांसाठी आणि गड्याला कोयत्याच्या मुठीसाठी म्हणून घरात ठेवू नका. आमच्याकडे तीन कॅन तसेच पडून आहेत.


घोडबंदरकर | 23 जून, रात्री 9:48

मंडळी, केलं.

सर्व्हिस सेंटरला दुसऱ्या तक्त्याचा फोटो दाखवला. सल्लागार जरा गप्प झाला, मग वर्कशॉप मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाला, आम्ही करून देतो, पण लोक विचारतच नाहीत. मी पहिल्यांदा विचारलं होतं ते काय होतं, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. मीच स्कॅनरचं बघू द्याल का विचारल्यावर आत उभं राहू दिलं.

नटवर राखाडी लेप, तुकडे नाहीत. लाल म्हणून भरलेलं ऑइल तपकिरी काळपट निघालं, जळका वास मात्र नव्हता. सव्वातीन लिटर निघालं, तेवढंच भरलं, तापमान बघून पातळी लावली. ऑइल, वायसर आणि मजुरी धरून पाच हजार आठशे. दुसरा फेरा पुढच्या महिन्यात.

सकाळचा झटका बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. गाडीत बसल्यावर मी आता प्रत्येक गिअरला कान लावून बसतो, त्यामुळे खरंच कमी झालाय की मला वाटतंय, हे बायकोला विचारलं. ती म्हणाली, मला आधीही कधी जाणवला नव्हता.


तळ्यात_मळ्यात | 23 जून, रात्री 10:15

अभिनंदन. पंधरा दिवस थांबून परत लिहा.


घोडबंदरकर | 9 जुलै, सकाळी 8:30

सोळा दिवस झाले. काल भरलेली गाडी घेऊन कसारा घाट चढलो, वर गाड्यांची रांग, तासभर मुंगीच्या पावलांनी. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवला. काही झालं नाही. तुमच्या मावसभावाला नमस्कार सांगा.


विजेचा_गोळा | 9 जुलै, सकाळी 9:12

पुस्तिका सापडली. वेष्टनात होती. त्यात रिडक्शन गिअर ऑइलची ओळ आहे. आता हे बदलून देणारा ठाण्यात कोण, सांगा.